शेंदरी इंजिन

बाबा मंगळवारी वारले. बुधवारी त्यांचं इंजिन दुसऱ्या ड्रायव्हरने नेलं आणि ते वेळेवर सुटलं. आईला राग आला तो याचाच.

"वर्षश्राद्धाले फोटोजवळ मले त्यायचं इंजिन पायजे," ती म्हणाली. "तेच. दुसरं नाई."

खरं कुठून आणणार, म्हणून लाकडाचं करून घेतलं. मुर्री गावचा सुतार जन्मभर तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी करत आलेला. त्याचं इंजिन जरा बैलासारखं बघायचं, पण चाकं आणि धुराडं जागेवर होतं. राहिला रंग. तो मी माझ्याकडे घेतला. (मी शाळामास्तर. सोपं काम माझ्याकडे आलं की त्याचा अभ्यास होतो.)

खऱ्या इंजिनावर काजळीचा थर, रंग काही कळेना, म्हणून वही घेऊन मी गोंदियाच्या इंजिनशेडमध्ये विचारायला गेलो. बाबांच्या इंजिनात कोळसा टाकणारा रामाधीन म्हणाला, काळं होतं. कोळसेवाल्याला जगच काळं दिसणार, म्हणून मी ते लिहून खोडलं. स्टेशनातल्या बाबूंनी लाल सांगितलं. त्यांनी म्हणे इंजिनाची नुसती पुढची फळीच पाहिलेली! साहेबाच्या कचेरीला पत्र धाडलं. उत्तर आलं, तक्रार कोणाविरुद्ध आहे ते कळवावे.

ही सगळी पत्रं मी बाबांच्या ड्युटीच्या पेटीवर बसून लिहिली. आई येता-जाता बघायची. एकदा ती काही सांगायला लागली, तर मी म्हणालो, "आई, हे तांत्रिक आहे."

शेवटी मी पुराव्यालाच हात घातला. इंजिन शेडमध्ये थंड उभं होतं. कुणी नाही असं बघून मी त्याच्या तोंडावर चाकूने खरवडलं. काजळी निघाली आणि आत शेंदरी! थरावर थर, संपेचना! मूळ रंग हाती लागला या आनंदात मी श्राद्धाच्या आदल्या दिवशी सुताराचं इंजिन धुराड्यासकट शेंदरी करून टाकलं.

श्राद्ध नेमकं शनिवारी आलं. शेजारच्या काकू फोटोला नमस्कार करायला वाकल्या, इंजिन दिसलं, आणि त्या घरी जाऊन तेल घेऊन आल्या. मागून आणखी दोघी आल्या. एकीने रुईची माळ आणली.

रामाधीनने इंजिन उचलून पुढून-मागून पाहिलं. "मास्टरजी, कहाँ से खुरचा?"

मी जागा सांगितली.

"वहाँ तो बाबूजी हर दसरे को सिंदूर लगाते थे."

(दसऱ्याला मी घरी पुस्तकांची पूजा करत असायचो.)

आईने पेटी ओढली आणि पदराने पुसली. काळपट हिरवी. शेडमधला उरलेला इंजिनाचा रंग बाबांनी पेटीला लावला होता.

"हाच हाये," ती म्हणाली. "तू याच्यावरच तं बसून रायला होता."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"तांत्रिक होतं ना, बापू."

फोटोजवळ आता पेटी असते. इंजिन गावाबाहेरच्या पिंपळाखाली आहे. शनिवारी लोक त्याला तेल वाहतात. मीही वाहतो.