शांता गेल्यानंतरचा अध्याय

माझी लेक शांता गेल्यावर मी शास्त्राचं पुस्तक, म्हणजे बायबल, फडक्यात गुंडाळून कणगीमागं ठेवून दिलं. फेकून द्यायची हिंमत नव्हती आणि उघडायची इच्छा नव्हती. दुःखात देव जवळ येतो असं सगळे सांगत होते. मला मात्र तो भिंतीआड बसून नुसता ऐकतोय असं वाटायचं आणि त्याचा राग यायचा.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे यजमान पूर्णेच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. मिशनच्या दवाखान्यात ते मोठ्या दुखण्यातून उठले आणि पुढं आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. चुडाव्याकडच्या गावी राहणाऱ्या सासूबाईंनी आम्हाला टाकलं नाही, पण देव बदलल्याचं दुःखही लपवलं नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एक विधवा बाई दर मंगळवारी गाडीनं येऊन मला शास्त्र शिकवायच्या. त्यांची रीत ठरलेली होती. अध्याय क्रमानंच घ्यायचे, आवडता आधी आणि अवघड मागं असं चालायचं नाही. वाचून झालं की त्या विचारायच्या, "यात तू कुठं उभी हायस?" उत्तर आपल्या चुलीजवळचं द्यावं लागायचं. शहाणपणा केला की त्या तोंडावर म्हणायच्या, "हे पाळकांचं प्रवचन झालं, तुझं सांग." मी त्या प्रश्नाला वैतागायचे आणि आठवडाभर त्याचाच विचार करायचे.

चार वर्षांच्या शांताच्या अंगावर देवी आल्या तेव्हा सासूबाई धावत आल्या. त्यांनी दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी द्यायची नाही, केसांना फणी लावायची नाही, देवी आईला राग येईल असं काही करायचं नाही, असं बजावलं. लेकरू तापानं फणफणत असताना मी कोणाशी वाद घालणार? मी बिनफोडणीचं वरण शिजवलं आणि मनातल्या मनात प्रभूला हाका मारत राहिले. शांता वाचली नाही. तिला पुरून आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्या पुस्तकानं देवी आई कोपली. घरात दुसऱ्याचं नाव घ्यायलाव, मंग तिनं कामून राखावं?" माझ्या मनात याच्या नेमकं उलटं चाललं होतं. सासूबाईंना दाराला डहाळे बांधू दिले म्हणून प्रभूनं माझ्यावरचा हात काढला, असं मला वाटत होतं. दोघींना आपापला देव कोपलेला दिसत होता आणि दोघींच्या मते दोष दुसरीचा होता. सासूबाई गावी परतल्या नाहीत, पण एका घरात राहून आम्ही एकमेकींसमोर रडतसुद्धा नव्हतो.

बाईंना मी येऊ नका असा निरोप धाडला होता आणि त्यांनी तो मानला. मग एका दुपारी त्या दुसऱ्याच कामाला निघाल्या असताना पूर्णेला त्यांची पुढची गाडी चुकली. उन्हाचं कुठं बसायचं म्हणून त्या आमच्या दारात आल्या. मी ‘या’ म्हटलं नाही. पाट सासूबाईंनीच दिला, दारी आलेल्या बाईमाणसाला उभं ठेवणं त्यांना जमायचं नाही. पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी हलकेच विचारलं, "वाचू का?" मी उठून पुस्तक का आणलं, ते आजही सांगता येत नाही.

जिथं थांबलो होतो तिथून त्यांनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढचा अध्याय दोन बहिणींचा भाऊ मरतो तो होता. "आज दुसरं वाचू," त्या म्हणाल्या. मी हट्टाला पेटले. "रीत तुमचीच हाय बाई. क्रमानं वाचा."

त्यांनी वाचलं. बहिणींनी प्रभूला निरोप धाडला, त्याला यायला उशीर झाला, भाऊ मेला. मग बहीण त्याला तोंडावर बोलली की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. बाई थांबल्या आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न मला विचारला. दाराशी ज्वारी निवडत बसलेल्या सासूबाईच माझ्याआधी बोलल्या, "मी हाय तिथं. त्या बोलनाऱ्या बाईच्या शेजारी." मग निवडता निवडता त्यांनी विचारलं, "असं बोलली म्हून तुमचा देव खवळला का तिच्यावर?"

"न्हाई आक्का," बाई म्हणाल्या, "तो रडला. पुढं त्यानं मेलेल्या भावाला उठवलं, पण आधी रडला."

"आमची न्हाई उठली."

"न्हाई उठली," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढं काहीही समजावलं नाही, याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

सासूबाई सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमचा देव रडला, तर माजी आई बी रडलीच असंल. मंग कोपलं कुनीच न्हाई, पोरी. तुजं बी चुकलं न्हाई, माजं बी न्हाई."

सासूबाई अखेरपर्यंत आपल्याच देवीच्या राहिल्या. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. शांता का गेली हे मला अजून कळलेलं नाही आणि तिच्याएवढी पोर दिसली की आजही काळीज हलतं. पूर्वी वाटायचं, देवाच्या स्वाधीन होणं म्हणजे विचारणं सोडून देणं. आता मी रोज विचारते आणि उत्तर त्याच्यापाशीच राहू देते. त्या दिवशी बाईंची गाडी कशी चुकली, याचा शोधही मी घेत बसत नाही. त्या दुपारी आम्ही सासू-सुना पहिल्यांदा शांतासाठी गळ्यात गळा घालून रडलो, आणि रडताना आमच्याबरोबर तोही रडत होता, एवढं मला ठाऊक आहे.