पाकिटामागचा पत्ता

लष्करी तळाचा पत्ता मी पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहिला. ठळक अक्षरांत, जवळची खूण देऊन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तोफखान्याच्या युद्धसरावाला एखादा वार्ताहर न्यावा, अशी परवानगी कॅप्टन जाधवांनी हट्टानं मिळवली होती. सरावातला खोटा शत्रू आमच्या तोफा शोधणार. त्या माझ्यामुळे सापडल्या, तर मान जाधवांची अडकणार. मला रस्ता कळू नये म्हणून नाशिकहून निघतानाच ट्रकची ताडपत्री घट्ट बांधली. ट्रक वळणं घेत चढायला लागला, तेव्हा घाट आला एवढं समजलं.

उतरलो तो सागाच्या रानात. तोफा जाळीखाली, जवान झाडांखाली, आणि मी पांढरा शुभ्र सदरा घालून मधोमध. एका तमिळ हवालदारानं माझ्यावर कांबळं टाकलं.

जवळच्या पाड्यावर (वस्तीवर) एका बाईंनी नागलीची (नाचणीची) भाकरी दिली. मी सैनिक नाही, नुसता बघायला आलोय, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मंग बसा खात. काम तं त्यांना हाय."

दुपारी बातमी लिहिली. जाधवांनी तांबड्या पेन्सिलीनं डोंगर खोडला, ओढा खोडला, भाकरीसुद्धा खोडली. "नागली वाचली की नाशिककर थेट पेठ तालुका गाठतील," म्हणाले. उरलेल्या सात ओळी घेऊन मी हवालदाराबरोबर फाट्यावर गेलो. आम्हा वार्ताहरांची बातमी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर जायची, आणि पाकीट हरवलं तर परत कुठं द्यायचं, ते मागं लिहायची वर्षानुवर्षांची सवय. हात आपोआप चालला: 'तोफखाना तळ, ओढ्याच्या वरच्या अंगाला, जोडसागाजवळ.' हवालदाराला मराठी वाचता येत नव्हतं. ड्रायव्हरनं पाकीट पुढच्या काचेला खोचलं, पत्ता बाहेरच्या बाजूला.

पुढच्याच थांब्यावर शत्रुपक्षाची जीप चहाला उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाचे पंच आले आणि आमच्या सगळ्या तोफा नष्ट झाल्याचं जाहीर करून गेले. जाधव कर्नलांच्या तंबूतून बाहेर आले ते कानापर्यंत लाल होऊन.

परतीला ताडपत्री उघडी होती. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घाट इतका देखणा आहे, हे मला तेव्हा दिसलं. आतल्या सात ओळींसाठी एवढी पेन्सिल झिजली आणि घात केला तो माझ्या वळणदार अक्षरानं, असा विचार करत नाशिकला गंगापूर रोडवर उतरलो. पुढच्या सरावाला येऊ का, असं धीर करून विचारलं.

"जरूर या," जाधव म्हणाले. "फक्त शत्रूकडून या. तेवढाच आमचा फायदा."