आमच्या आडाच्या तळाशी

नवा जिल्हा झाला तर आपण कुठल्या बाजूला जाणार, यावर उदगीरजवळच्या आमच्या गावात माणसं तासन्‌तास बोलत. त्या दुष्काळात ती टँकरच्या रांगेत उभी राहून बोलत होती.

मी नांदेडहून सुट्टी काढून माहेरी आले होते. वस्तीतल्या बायकांनी आड उपसायचं ठरवलं होतं. हा आड माझ्या आजोबांच्या पिढीनं खणलेला. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून वस्तीनं स्वतःच खडक फोडला. माझी आत्या तेव्हा लहान पोर, डोक्यावर दगड वाहायची. पुढे नळ आला आणि आडाकडे कुणी फिरकेना.

आम्ही उतरलो तेव्हा वाटलं, गाळ निघेल. चुलतभावानं पहार मारली, तर ती रबरावर मारल्यासारखी उसळून आली. त्यानं हातानं ओढलं. एक कॅरीबॅग निघाली, तिला गुंतलेली दुसरी, मग तिसरी. घमेल्यांवर घमेली वर गेली तरी संपेना. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या. छातीएवढा थर, त्यात माती नावालाच.

मग गिलास निघाले. पांढरे, पातळ, प्लास्टिकचे, एकात एक बसलेले. त्यांच्यात नांदेडच्या साडीच्या दुकानाची पिशवी होती, तिच्यावरचा मोर अजून जसाच्या तसा. मी ती लगेच ओळखली. माझ्या शालूची पिशवी! लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मांडव आडाशेजारीच होता. जेवणं झाल्यावर कुणीतरी गिलास गोळा करून आडात ढकलले, ते मी पाहिलं होतं. बरं झालं, आवरलं, एवढंच मनात आलं होतं.

वर चढून मी काठावर बसलेल्या आत्यापुढे पिशवी धरली.

"आत्या, हे माझ्या लग्नातलं हाय."

तिनं पिशवीवरचा मोर अंगठ्यानं पुसला. म्हणाली, "आमाला वाटलं झरा आटला. तुम्ही त्याचं तोंडच बांधलं की गं."

तिसऱ्या दिवशी कपारीतून पाणी पाझरलं. गढूळ, दिवसाला चार-पाच घागरी, जनावरांपुरतं. तेवढं बघायलाही माणसं येऊन उभी राहायची.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. सरबताला प्लास्टिकचे गिलास नकोत, असं मी म्हणाले, तर चुलतभाऊ चिडला.

"ताई, स्टीलचे धुवायला पाणी कुठाय? टँकरचं घालू का?"

आत्या म्हणाली, "ज्यानं त्यानं आपला गिलास घरून आणावा. प्यावं, घरी नेऊन राखेनं घासावा. लई अवघड हाय का?"

जयंतीला माणसं पितळी पेले, कानतुटके कप, जे हाताला लागलं ते घेऊन आली. एका बाईनं तर तांब्याच आणला, आणि सगळे हसले. चुलतभाऊ सकाळपासून मांडवाच्या कामात होता, तो स्वतःचाच गिलास विसरला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं निमूटपणे ओंजळ पुढे केली.