तळ्याकाठचं भरीत

माझ्या सासूबाईंना अख्खं गाव आक्का म्हणतं. मी धुळ्याची, देवपुरात वाढलेली. लग्न होऊन पाचोऱ्याजवळच्या या गावात आले तेव्हा सासरी शेत आहे, घर आहे, दोन म्हशी आहेत, एवढंच ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की एक तळंही आहे. म्हणजे तळं सरकारचं, पण काळजी आक्कांची. काठावरच्या बाभळी, पाणगवत आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या बिनडोक टिटव्या, यांना कोणी हात लावला की आक्कांचं डोकं फिरायचं. मुरूम खणायला पहिला ट्रॅक्टर आला, तेव्हा तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन त्या त्याच्यापुढे बसल्या होत्या. ते पोर म्हणजे माझा नवरा. दात येण्याआधीच आंदोलनात उतरलेला हा माणूस आता कुठल्याही वादात तोंड उघडत नाही.

सून शिकलेली मिळाली म्हणून अर्जांचं काम माझ्याकडे आलं. अर्ज मी झकास लिहायचे, पण तालुक्याच्या कचेरीत ते धूळ खात पडायचे. शेवटी आक्का म्हणाल्या, "कागद वाचीसन कोनं पोट भरस? साहेबले भरीत खावाले बलाव."

खानदेशात हिवाळ्यात भरिताला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेब स्थळपाहणीला यायचे. काठावरच कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, मिरच्यांसोबत बडजीत, म्हणजे होडीसारख्या लाकडी भांड्यात, ठेचायची. जोडीला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी नि कांद्याची पात. दुसऱ्या भाकरीनंतर साहेब बाभळीला टेकायचे, मग त्यांना तळ्यातली बदकं दिसू लागायची, आणि शेरा यायचा : जागा आहे तशीच राहू द्यावी. किती साहेब बदलून गेले, आक्कांचं भरीत तेच राहिलं.

मग मोबाइल आले. कुण्या पाहुण्याने आक्कांच्या भरिताचा व्हिडिओ टाकला आणि थेट जळगावहून गाड्या येऊ लागल्या. सरपंचांच्या डोक्यात किडा वळवळला. काठ सपाट करायचा, सिमेंटच्या छत्र्या उभारायच्या, पार्किंग करायचं, पाटीवर आक्कांचा हसरा फोटो आणि नाव 'भरीत पॉइंट'. जो काठ आक्कांनी इतकी वर्षं भरीत खाऊ घालून राखला, तो आता भरितापायीच जाणार होता. मी अर्ज लिहायला बसले, तर आक्कांनी हातातलं पेनच काढून घेतलं.

नवे साहेब आधी चव बघणार आणि मग निर्णय देणार होते. त्या दिवशी आक्कांनी मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. बियांनी भरलेली जून वांगी त्यांनी ओल्या गोवऱ्यांच्या धुरात अर्धीकच्ची भाजली. मीठ दोनदा पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विसरल्या असतील म्हणून पुढे झाले, तर त्यांनी असं बघितलं की मी मुकाट मागे सरले. साहेबांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरपंचांनी घेतला आणि ते उगाचच टिटव्यांकडे बघू लागले.

"चव जरा वेगळी आहे," साहेब म्हणाले.

आक्कांनी हात जोडले. "वय व्हई गयं, साहेब. आते मन्हा हातमा चव नई राहिनी."

भरीत पॉइंट त्याच ताटात बुडाला. 'आक्कांचा हात गेला' ही बातमी मात्र पाचोऱ्याच्याही पलीकडे पोचली. नात्यातल्या एका हळदीला भरीत ठेचताना बायकांनी त्यांच्या पुढ्यातली बडजी हळूच ओढून घेतली, म्हणाल्या, "आक्का, तुम्ही बठा." आक्का बसल्या. माझा नुसता संताप झाला. घरी आल्यावर मी म्हटलं, निदान आपल्या घरात तरी नीट करा. त्या म्हणाल्या, "चव घरमा लपत नई. कोनी तरी बाहेर सांगीच."

म्हणून आता भरीत मी करते. मला ते जमत नाही. वांगं करपतं, तेल जास्त पडतं, हे मलाही कळतं. आक्का ताट पुसून खातात आणि म्हणतात, "मस्त शे." इतक्या सरळ तोंडाने खोटं बोलतात की मला ताटावरच रडू येतं.