बोरीचा काटा

थोरल्या जाऊबाई गेल्याचं मला चकलांब्याच्या बाजारात कळलं. निवडलेली मेथी तिथंच ठेवून घरी आले, पण रडू आलं नाही. महिना होत आला, अजून आलं नाही... म्हणून लिहीत बसले आहे. कुणाला दाखवायचं नाही.

गोष्ट जुनी आहे. दुष्काळाचं साल होतं. शेतात काही नव्हतं. आक्का, म्हणजे जाऊबाई, सोसायटीच्या दूध केंद्रावर माप घ्यायच्या, त्यावर घर चालायचं. त्यांना मूल नव्हतं. माझी लहानगी कविता त्यांना मोठी आई म्हणायची, रोज त्यांच्या बोटाला धरून केंद्रावर जायची. मी लाजरी, चौथी शिकलेली. चारचौघांत माझं बोलणंही आक्काच बोलायच्या.

कविताला ताप येऊ लागला. काखेत गाठ आली, मग खुबा दुखू लागला, पाय टेकवेना. डॉक्टरांनी तिच्या हातावरचा वाळलेला ओरखडा पाहून विचारलं, "मांजराजवळ खेळते का?" मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "न्हाई साहेब, बोरीचा काटा लागलाय. आमच्याकडं समद्या लेकरांचे हात असलेच." मलाही ते खरं वाटलं. हाडाचा क्षय असेल म्हणून गोळ्या सुरू झाल्या. लेक सुकत गेली. आक्का अनवाणी नारायणगडाला जाऊन नवस बोलून आल्या, पण डॉक्टरांना सांगायचं ते सांगितलं नाही...

पुन्हा दवाखान्यात ठेवलं, तेव्हा कविताच नर्सबाईंना म्हणाली, "मोठ्या आईच्या मनीला दूध कोण घालतंय?"

डॉक्टर जाता जाता थांबले. "कोण मनी?"

"केंद्रावरचं पिल्लू. लई बोचकारतंय."

मग रक्त तपासायला पाठवलं. मांजराच्या ओरखड्यातले जंतू हाडात गेले होते. औषध बदललं, लेक उभी राहिली. थोडी लंगडते अजून.

मी एवढंच विचारलं, "कावून, आक्का?"

भाकरी थापतच त्या म्हणाल्या, "केंद्रात मांजर हाय म्हणल्यावर चेअरमननं ठिवलं असतं मला? अन् ओरखड्यानं हाड सडतंय, मला काय ठावं?"

ते ठाऊक नव्हतं, मानते. मांजर तर ठाऊक होतं...

कविता तेराव्याला सासरहून आली, मोठ्या आईसाठी खूप रडली. मांजराचं तिला माहीत आहे, काट्याचं नाही. जाताना तिनं कॅनच्या जुन्या झाकणात दूध ओतलं. मनीच्याच वेलातली एक मांजर आक्कांनी शेवटपर्यंत घरी सांभाळली, तिला त्यातच घालायच्या. "मोठ्या आईची मांजर हाय, आई. उपाशी ठिवू नको."

मी रोज घालते. मांजर जवळ आली की हात मागं घेते.