बबनरावांचे पंधराशे

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. भाडं दोन मिनिटांत ठरतं, पैशांवरचं भांडण दोन तास चालतं, आणि भांडून दमलेला माणूस चहा घेताना जे बोलतो तो किस्सा. पिरंगुटच्या आमच्या ऑफिसात असे इतके साठलेत, की ते ठेवायला वेगळा गाळा घ्यावा लागेल.

ऑफिस मूळचं यांचं. माल कंपनीचा, गाडी ट्रकवाल्याची आणि मधे आमचे हे, ब्रोकर. गाडी उशिरा पोचली की कंपनी यांचे पैसे कापायची, हे ट्रकवाल्याचे कापायचे, आणि ट्रकवाला समोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. हे जाऊन आता तीन वर्षं होतील. ऑफिस मी चालवते. समोरची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असते.

*

एकदा एका ड्रायव्हरचा फोन आला. "अण्णा, घाटात लई जाम हाय. गाडी जागची हलंना."

यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, "आवो, अजून एक भाकरी वाढू का?"

हे शांतपणे म्हणाले, "वाढून घे बाबा. घाटात पुन्हा कधी मिळायची?"

त्या दिवशी ती गाडी वेळेच्या आधी पोचली.

*

इथल्याच शेजारच्या चांद्याचे बबनराव म्हणजे यांचं कायमचं गिऱ्हाईक, आणि कायमचं भांडणही. गाडी एकच, पण तोरा दहा गाड्यांच्या मालकाचा. एकदा दोघांची अशी जुंपली, की शेजारचा पंक्चरवाला सोडवायला धावत आला. तर दोघेही त्याच्यावरच उलटले. "आमच्यात तू कशाला पडतो?" बिचारा हात पुसत परत गेला.

एक वाजला की मात्र भांडण बाजूला ठेवून दोघांनी यांचा डबा उघडायचा, आणि हात धुतले की पुढे सुरू. ज्या संध्याकाळी हे घरी भुकेले आणि तरी खुशीत यायचे, त्या दिवशी बबनराव येऊन गेले हे मला न सांगता कळायचं. मग मी दोन चपात्या जास्तच द्यायला लागले. अजूनही कणीक मळताना माझा अंदाज चुकतो.

*

त्यांचं खरं वाजलं ते पंधराशे रुपयांवरून. बबनराव माल घेऊन वेळेत पोचले होते, पण कंपनीने दोन दिवस गाडी गेटच्या आत घेतलीच नाही. वर उशिराचा दंड लावला. यांनी तो बबनरावांच्या भाड्यातून कापला.

"गेटवर वॉचमनसंगं दोन दिस चहा पितोय मी. उशीर कुनी केला?"

"मला कळतंय रे. पण कंपनीच्या कंप्युटरात तू पोचलेलाच नाहीस."

"मग त्यो चहा कोन प्याला?"

"कंपनीशी भांडून आणतो तुझे पैसे. शब्द देतो," हे म्हणाले. त्यानंतर दर खेपेला बबनराव दारातूनच विचारायचे, "अण्णा, पंधराशे?" आणि हे मान वर न करता म्हणायचे, "आणतोय."

ते आणायचे राहिले. हे अचानकच गेले.

*

मग कंपनीने ॲप घ्यायला लावलं. महाळुंग्याहून एक गोड मुलगा मला समजवायला आला. "मॅडम, आता डिस्प्यूटच नाही. लेट झालं की पेनल्टी ऑटोमॅटिक कट."

बबनराव चहा पीत बसले होते. "आन भांडायचं बटन कुटं हाय?"

मुलाने खरंच मोबाइल चाळून पाहिला. "काका, तसं फीचर नाही."

"मग हितं यायचं कशाला?"

आणि खरंच, कुणी येईनासं झालं. पैसे इकडून तिकडे आपोआप जातात, आपोआप कापले जातात. मला काम जमतं, पण करमत नाही. घरापेक्षा इथे यांची आठवण जास्त येते, दुपारी डबा उघडताना तर फारच.

बबनराव तेवढे येत राहिले. जाताना म्हणायचे, "अण्णांना सांगा, दंड मला मान्य न्हाई." पहिल्यांदा वाटलं, सवयीने बोलले. पुढच्या खेपेलाही तेच. मी दुरुस्त केलं नाही. उलट त्या वाक्याची वाट बघायला लागले. यांच्यासाठी माझ्याकडे निरोप देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

*

गेल्या महिन्यात बबनराव बसने आले. गाडी विकली म्हणाले. डोळ्यांना समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो, आणि मुलाला या धंद्यात यायचं नाही. "आता हिकडं माझं काय काम ऱ्हायलं न्हाई, वैनी."

मी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. पंधराशे रुपये त्यात केव्हाचे घालून ठेवले होते. "घ्या बबनराव. मिटवून टाकू."

त्यांनी पाकीट उचललं नाही. "तुमी कशापाई देताय? तुमी कापलं व्हतं का?"

"अहो, पण..."

"शबुद कुनी दिलता?"

"यांनी."

"मग?"

बबनरावांनी चहा संपवला. उठले, खुर्ची होती तशी सरळ केली, आणि दारात थांबून मागे वळले.

"अण्णांना सांगा, बबन येऊन गेला. दंड मान्य न्हाई. म्होरल्या महिन्यात परत यीन."

"सांगते," मी म्हणाले.