संजीवच्या अंगणातला बर ओक

नागपूरच्या शैलजाला माणसांचं अज्ञान चालायचं, अज्ञानाची मिजास चालायची नाही. २००१ च्या मंदीत तिची अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली, तेव्हा घरात कुढत बसण्यापेक्षा ती दर शनिवारी जंगलातली उपरी झुडपं उपटणाऱ्या स्वयंसेवकांत जाऊ लागली. पुढे नोकरी लागली, पण शनिवार सुटला नाही. झाडं ओळखायला ती तिथेच शिकली.

म्हणूनच शेजारच्या संजीवने हाउसवॉर्मिंगला पाहुण्यांना मागच्या अंगणात नेऊन, "हा रेड ओक, बिल्डरने स्पेशली लावलाय," असं ऐटीत सांगितलं, तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुझ्या बिल्डरच्या पणजोबाच्याही आधीचा आहे हा," ती म्हणाली. "रेड ओकच्या पानांना अणकुचीदार टोकं असतात. याची पानं बघ, गोलसर कंगोऱ्यांची, शेंड्याकडे पसरट. आणि फळाची टोपी कशी झिपरी आहे! हा बर ओक. मोकळ्या गवताळ माळावर वाढणारा, वणव्यातही तगणारा."

"ओक इज ओक, यार," संजीव हसला. पाहुणेही हसले.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने झाडाभोवती दगडी कठडा बांधून घेतला, बुंध्याशी हातभर माती चढवली, वर पेटुनियाची शोभेची फुलझाडं लावली आणि स्प्रिंकलर सोडले.

"मुळं गुदमरतील, संजीव. ती माती काढ."

"लँडस्केपर प्रोफेशनल आहे, शैलजा. तू वीकेंडला काटे उपटतेस."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. वणव्यांना पुरून उरलेलं झाड, आणि त्याच्या नशिबी पेटुनिया! २००६ च्या शरदात कुंपणाच्या अलीकडे पडलेली फळं तिने पिशवीभर वेचली आणि स्वयंसेवकांबरोबर जंगलालगतच्या माळाच्या कडेला पुरली.

वर्षभरात ओकचा शेंडा वाळून उघडा पडला. संजीवने अख्खं झाडच तोडून घेतलं आणि शैलजाला फोन केला. "या नेटिव्ह झाडांत दमच नसतो. लवकर वाढणारं काहीतरी सजेस्ट कर ना."

"प्लॅस्टिकचं लाव," तिने सांगितलं आणि फोन ठेवला.

माळावरची बरीचशी फळं खारींनी उकरून खाल्ली. तरी २००८ च्या वसंतात काही रोपं गवतातून वर आलेली दिसली. शैलजाने ती संजीवला दाखवली नाहीत. तो कॅमेरा घेऊन आला असता आणि पाहुण्यांना ती आपलीच म्हणून दाखवत फिरला असता.